रस्त्याखालचे वस्त्र

वाचकहो, पावसाळा ओसरू लागला की आपल्या घरासमोरच्या रस्त्याकडे एकदा बारकाईने पाहावे. वैशाखात गुळगुळीत दिसणारी डांबरी सडक भाद्रपदापर्यंत ठिकठिकाणी खचलेली असते. कोठे चाकांच्या वाटेने लांबट पन्हळी पडलेल्या असतात, तर कोठे सुसरीच्या पाठीवरील खवल्यांप्रमाणे भेगांचे जाळे पसरलेले असते. त्या भेगांच्या कडेला वाळलेला करडा गाळही पुष्कळदा आढळतो. रस्ता असा बिघडला की डांबर हलके होते किंवा वाहने फार जड होती, असे आपण सहज म्हणून जातो. ही दोन्ही कारणे खरी असू शकतात. परंतु तो करडा गाळ आला कोठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. खडीत आणि डांबरात गाळ नसतो. तो आलेला असतो खालच्या जमिनीतून.

डांबरी रस्ता केवळ वरून झिजत नाही. पुष्कळदा तो खालून खचतो, आणि त्याला खचविणारी जोडी म्हणजे पाणी व चिखल. या जोडीला खडीपासून दूर ठेवण्यासाठी अभियंते रस्त्याच्या पोटात एक कापड अंथरतात. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव ‘जिओटेक्स्टाईल’ असे आहे. आपण त्याला ‘भूवस्त्र’ म्हणू. हे वस्त्र काय करते, काय करू शकत नाही आणि आपल्या पैशातून होणाऱ्या कामात ते नीट घातले जात आहे की नाही हे सामान्य कुटुंबाने कसे ओळखावे, एवढे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आपल्याला प्रथम महाराष्ट्रापासून दूर, कोलकात्याच्या दक्षिणेस असलेल्या बेहाला या उपनगरात जावे लागेल. ज्या जमिनीला या वस्त्राची गरज भासते ती जमीन, आणि ज्या तागापासून ते विणता येते त्या तागाचे संशोधन, ही दोन्ही तेथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

बेहालाची जमीन

बेहाला हे नाव मराठी वाचकाला फारसे परिचित नसेल. पण कलकत्त्याच्या इतिहासात त्याचे स्थान जुने आहे. बेहालाच्या दक्षिण भागात बडिशा हे गाव आहे. तेथील साबर्ण रायचौधुरी या जमीनदार घराण्याकडून ईस्ट इंडिया कंपनीने नोव्हेंबर १६९८ मध्ये सुतानुटी, गोविंदपूर व कालिकाता या तीन गावांचे हक्क मिळविले. त्या तीन गावांतून पुढे महानगर उभे राहिले. बेहाला मात्र दीर्घकाळ स्वतंत्र नगरपालिकेच्या कारभारात राहिले आणि १९८४ साली कलकत्ता महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्याच्या मधोमध जाणारा डायमंड हार्बर रोड हा दक्षिणेकडील खाडीच्या मुलखात जाणारा प्रमुख मार्ग होय. डिसेंबर २०२२ पासून त्याच रस्त्याच्या डोक्यावरून जोका ते तारातला ही मेट्रो धावू लागली आणि मार्च २०२४ मध्ये ती माझेरहाटपर्यंत पोहोचली.

डोक्यावर मेट्रो आली असली तरी पायाखालची जमीन जुनीच आहे. हुगळी नदीने युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाचा हा प्रदेश. वरचा थोडासा थर तपकिरी चिकणमातीचा, आणि त्याखाली कुजलेल्या वनस्पतींचे अंश असलेली करडी, मऊ माती. कोलकात्यात वर्षाकाठी १,६०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. भूमी सपाट, समुद्रसपाटीपासून अवघी काही मीटर उंच. पाणी वाहून नेण्यास मणिखाली, चुरियाल यांसारखे ‘खाल’, म्हणजे कालवे. आणि भरतीच्या वेळी नदीच चढलेली असल्यामुळे त्यांचाही वेग मंदावतो. एशियन डेव्हलपमेंट बँकेच्या कर्जसाहाय्याने २००० सालानंतर हाती घेतलेल्या पर्यावरण सुधार प्रकल्पात बेहालाच्या सांडपाण्याची व पावसाळी पाण्याची मोठी कामे झाली, ती याच कारणास्तव. तथापि पावसाळ्यात पाणी साचणे हा या उपनगराचा परिचित त्रास आहे.

अशा जमिनीवर रस्ता बांधणे म्हणजे ओल्या गादीवर पाट मांडून बसण्यासारखे आहे. पाट कितीही मजबूत असला तरी तो कलतो.

खडी कोठे जाते?

डांबरी रस्ता थराथरांचा असतो. सर्वांत खाली दाबून घट्ट केलेली नैसर्गिक माती, तिच्यावर मुरूम व जाड खडीचा थर, त्यावर प्रतवारी केलेल्या खडीचा थर आणि सर्वांत वर डांबरमिश्रित थर. चाकाचा भार वरच्या थरावर पडतो व खाली उतरता उतरता पसरत जातो. खडीचा थर जितका जाड, तितका भार अधिक क्षेत्रावर पसरतो आणि मातीला तो सोसवतो. खडीचे खरे कार्य हेच आहे.

आता ती माती ओली झाली असे समजा. वरून ट्रक गेला की खडीचे टोकदार तुकडे मातीत रुततात. चाक पुढे जाताच दाब सुटतो आणि मातीतील पाणी बारीक गाळ बरोबर घेऊन खडीच्या फटींत चढते. दिवसाकाठी हजारो चाकांनी ही क्रिया घडली की खडी खाली जात राहते आणि गाळ वर येत राहतो. वीस सेंटिमीटर खडी घातली असेल आणि तिच्या खालच्या पाच सेंटिमीटरांत गाळ भरला असेल, तर कामाची खडी पंधराच सेंटिमीटर उरली. कारण गाळाने माखलेले दगड एकमेकांत घट्ट अडकून राहत नाहीत, ते घसरतात. अभियंत्यांमध्ये एक जुनी समजूत सांगितली जाते, ती अशी, की दहा किलो चिखलावर दहा किलो खडी टाकली तर हाती येतो तो वीस किलो चिखल. घातलेल्या खडीचे मोल असे मातीत जाते आणि डांबराचा थर आधाराविना वाकून तडकतो.

आपल्याकडील विदर्भ-मराठवाड्याच्या रेगड मातीची कथा थोडी वेगळी, पण त्याच वळणाची आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि ओली असताना तिची भार सोसण्याची शक्ती पुष्कळच घटते. ज्यांनी ओल्या रेगडीतून बैलगाडी काढली आहे, त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मातीची ही शक्ती मोजण्याची एक सोपी कसोटी जगभर वापरली जाते. दाबून भरलेल्या मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग त्यात सुमारे ५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी दांडा ठरावीक गतीने दाबतात. उत्तम फोडलेल्या खडीला जेवढा जोर लागतो तो १०० धरला, तर त्या मातीला किती जोर लागला ते शेकड्यात सांगतात. कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या कसोटीला अभियंते ‘सीबीआर’ म्हणतात. ज्या मातीचा हा आकडा तीनच्याही खाली येतो, ती रस्त्यासाठी अतिशय मऊ समजावी. भूवस्त्राची खरी गरज तेथे असते.

चक्क्याचे फडके

श्रीखंडासाठी चक्का टांगणाऱ्या गृहिणीला भूवस्त्राचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी गळून जाते व चक्का आत राहतो. फडक्याची वीण फार विरळ असेल तर दहीच गळते. फार घट्ट असेल तर पाणी अडून राहते. वीण नेमकी बेताची असली पाहिजे. माती व खडी यांच्यामध्ये अंथरलेले भूवस्त्र हेच काम करते. मातीतील पाण्याला ते वाट देते, पण मातीच्या कणांना खडीत शिरू देत नाही आणि खडीला मातीत रुतू देत नाही. वेगळे ठेवणे व गाळणे ही त्याची दोन मुख्य कामे. जाड कापड असेल तर आपल्या अंगातूनच पाणी आडवे वाहून ते कडेच्या गटारापर्यंत पोहोचवते, आणि मजबूत विणीचे असेल तर ताण घेऊन भारही थोडाफार पसरविते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या कापडाला पुष्कळजण ‘मेम्ब्रेन’ किंवा ‘शीट’ म्हणतात आणि मग बाजारातील प्लॅस्टिकचा पातळ कागदच अंथरून मोकळे होतात. प्लॅस्टिकच्या कागदातून पाणी जात नाही. ते मातीत किंवा खडीत कोंडून राहते, आणि ज्या पाण्याला बाहेर काढावयाचे तेच आपण रस्त्याच्या पोटात साठवितो. चक्का प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टांगावा, तसा हा प्रकार. खडीखालच्या वस्त्राला छिद्रे हवीतच.

कापूस, ताग आणि कृत्रिम धागा

रस्त्यात कापड घालण्याची कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील साऊथ कॅरोलायना राज्याच्या महामार्ग विभागाने १९२६ पासून मातीच्या तयार पायावर जाड सुती कापड अंथरून त्यावर तापलेले डांबर ओतण्याचे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९३५ साली प्रसिद्ध झाले. कापड शाबूत असेपर्यंत त्या रस्त्यांना भेगा कमी पडल्या व डागडुजी कमी लागली, असे त्यांत आढळले. आपल्या देशात १९३४ साली कलकत्त्याच्या स्ट्रँड रोडच्या बांधणीत तागाचे कापड वापरल्याची नोंद आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही रस्तेबांधणीचे नियम ठरविणारी संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेमागे १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीच्या शिफारशी होत्या, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर.

पुढे पेट्रोलियमपासून कृत्रिम धागे निघाले. ते कुजत नाहीत, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कापूस व ताग मागे पडून पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएस्टर यांची भूवस्त्रे सर्वत्र पसरली. १९७७ साली पॅरिस येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा फ्रेंच अभियंता जे. पी. झिरू यांनी ‘जिओटेक्स्टाईल’ हा शब्द दिला व तोच रूढ झाला.

आता बेहालाकडे वळू. बेहालाच्या उत्तर वेशीवर तारातला आहे. तेथे १९३७ साली स्थापन झालेली ‘इंडियन ज्यूट इंडस्ट्रीज रिसर्च असोसिएशन’ ही तागाचे संशोधन करणारी संस्था आहे. तिच्या संशोधनाच्या विषयांत रस्त्याखाली घालावयाचे तागाचे भूवस्त्रही आहे. ताग हे बंगालचे जीवन आहे. हुगळीच्या काठी रिश्रा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी उभी राहिली. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा गिरण्या बहुतांशी भारतात राहिल्या आणि तागाची उत्तम शेते पूर्व पाकिस्तानात गेली. मोठ्या कष्टाने पश्चिम बंगाल, बिहार व आसाम येथे तागाची लागवड वाढवून ही उणीव भरून काढण्यात आली. पुढे प्लॅस्टिकच्या पोत्यांनी तागाच्या गोणीवर आक्रमण केले. धान्य व साखर तागाच्याच गोणीत भरण्याची सक्ती करणारा कायदा १९८७ साली करावा लागला. सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबे आजही तागावर अवलंबून आहेत, असे सरकारी अंदाज सांगतात. गोणीखेरीज तागाला दुसरा भरवशाचा उपयोग मिळाला, तर या कुटुंबांना केवढा आधार होईल!

परंतु ताग कुजतो, मग तो रस्त्याखाली काय कामाचा? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरच या विषयातील सर्वांत मनोवेधक भाग आहे. ओल्या मातीत तागाचे कापड साधारणपणे वर्षा-दोन वर्षांत आपली ताकद गमावते. मात्र मऊ मातीला कापडाची नितांत गरज असते ती पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच. त्या काळात वरच्या खडीच्या व वाहनांच्या भाराने मातीतील पाणी कापडातून निथळून जाते आणि माती दबून घट्ट होत जाते. त्याच वेळी कापडाला लागून मातीचे जाडसर कण स्थिरावतात व त्यांच्यामागे बारीक कण अडून राहतात. मातीची स्वतःचीच एक गाळणी तयार होते. कापड विरले तरी ही गाळणी उरते. नवजात वेलीला काठीचा आधार देतात. वेल मांडवावर चढली की काठी मोडली तरी चालते. तागाचे भूवस्त्र हे अशा काठीसारखे आहे.

आंध्र प्रदेशातील काकीनाडा बंदराच्या अतिशय मऊ मातीवर १९९० नंतरच्या दशकात असे रस्ते करून पाहण्यात आले. १९५२ साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचा त्यात सहभाग होता. पुढे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील काही रस्त्यांवरही प्रयोग झाले. तागाच्या भूवस्त्रासाठी आता १४७१५ क्रमांकाचे भारतीय मानक आहे आणि रस्त्यातील सर्व प्रकारच्या भूवस्त्रांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २००२ साली मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले, ते २०१९ साली सुधारले.

तरीही ताग सर्वत्र चालेल असे समजू नये. जेथे पाण्याला बाहेर पडण्यास वाटच नाही आणि माती बारमाही चिंब राहते, तेथे ती घट्ट होण्यापूर्वीच ताग विरून जाईल. अशा ठिकाणी, तसेच अतिशय अवजड रहदारीच्या मार्गांवर, न कुजणारे कृत्रिम वस्त्रच योग्य ठरते. ग्रामीण व मध्यम रहदारीचे रस्ते हे तागाचे खरे क्षेत्र होय.

डांबराच्या दोन थरांमधले मेणकापड

भूवस्त्राचे दुसरे एक स्थान आहे, ते खडीखाली नव्हे तर खुद्द डांबराच्या थराखाली. जुन्या, भेगाळलेल्या रस्त्यावर नवा थर घातला की जुन्या भेगा काही काळाने वरच्या थरातही जशाच्या तशा उमटतात. भिंतीच्या जुन्या भेगेवर नुसता रंग दिला तर ती पुन्हा डोकावते, तसेच हे. त्या भेगांतून पाणी खाली झिरपते आणि मातीपर्यंत पोहोचून पूर्वी वर्णिलेला अनर्थ घडविते.

यावर उपाय म्हणून १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉलिप्रॉपिलीनचे न विणलेले, नमद्यासारखे मऊ कापड वापरण्यास आरंभ झाला. प्रथम जुना रस्ता स्वच्छ व कोरडा करून मोठ्या भेगा भरतात. मग दर चौरस मीटरला साधारण एक लिटर गरम डांबर फवारतात, त्यावर कापड अंथरून दाबतात आणि वर नवा थर घालतात. गरम थराच्या उष्णतेने खालचे डांबर वितळून कापडात पूर्ण मुरते. फडक्याचे जणू मेणकापड बनते. म्हणजे खडीखालच्या वस्त्राने पाण्याला वाट द्यावयाची असते, तर डांबराखालच्या वस्त्राने पाणी अडवावयाचे असते. एकाच जातीच्या कापडाची ही दोन विरुद्ध कर्तव्ये आहेत. ती ध्यानात न घेता ‘कापड घातले’ एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे.

या मेणकापडालाही मर्यादा आहेत. डांबर कमी फवारले तर कापड कोरडे राहते, वरचा थर त्यावरून सरकू लागतो, आणि वळणावर किंवा बसथांब्याजवळ, जेथे वाहने गती रोधतात, तेथे प्रथम सुटतो. कापडाला चुणी राहिली तर तेथेच नवी भेग पडते. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंश सेल्सियसच्या सुमारास वितळते, म्हणून वरच्या मिश्रणाचे तापमान जपावे लागते. कोलकाता व मुंबई या शहरांत वर्दळीच्या ठिकाणी ‘मॅस्टिक’ नावाचे डांबरी मिश्रण घालण्याची पद्धत आहे. ते याहूनही अधिक तापवून ओततात, त्यामुळे त्याच्या थेट खाली हे साधे कापड टिकणार नाही. अधिक उष्णता सोसणारे पॉलिएस्टर किंवा काचेच्या धाग्याचे वस्त्र लागेल. आणि रस्त्याचा पायाच खचला असेल, तर वर कितीही उत्तम मेणकापड घातले तरी व्यर्थ. तेथे रस्ता उकरून खालून दुरुस्त केला पाहिजे.

गटाराला पर्याय नाही

भूवस्त्राची एवढी महती सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. कापड हा गटाराचा पर्याय नव्हे. चक्का टांगला, पण खाली पातेल्यात साचलेले पाणी ओतूनच दिले नाही आणि ते फडक्यापर्यंत चढले, तर चक्का निथळणार कसा? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतार नसेल, गटारे तुंबलेली असतील किंवा साइडपट्टी रस्त्याहून उंच झाली असेल, तर पाणी खडीतच उभे राहील. बेहालासारख्या सखल उपनगरात कालव्यांची सफाई, उपसा करणारे पंप व पावसाळी गटारे यांवर होणारा खर्च म्हणूनच रस्त्यावर झालेला खर्च समजला पाहिजे. ज्या गावात घराघरांतील कचरा गटारात जातो, त्या गावाचा रस्ता कोणतेही वस्त्र वाचवू शकणार नाही.

तसेच जेथे जमीन मुळातच कठीण मुरमाची किंवा खडकाळ आहे, तेथे या कापडाचा विशेष लाभ नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या कातळावर भूवस्त्र अंथरणे म्हणजे कोरड्या ताकाला फडके बांधण्यासारखे होईल. प्रथम मातीची परीक्षा आणि मग कापडाची निवड, हा क्रम सोडू नये.

आपण काय पाहावे?

आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, शाळेच्या पटांगणाच्या वाटेवर किंवा ग्रामपंचायतीच्या रस्त्यावर असे काम निघाले, तर अभियंता नसलेल्या माणसालाही काही गोष्टी सहज पाहता येतील.

मातीची परीक्षा केली का आणि पाण्याचा निचरा कोणत्या दिशेने होणार, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारावे. जमिनीवरील मुळे, विटांचे तुकडे व टोकदार दगड काढून ती सपाट व दाबून घेतली आहे ना, ते पाहावे. नाहीतर कापड फाटते. कापडाच्या गुंडाळीवर उत्पादकाची खूण व वजन लिहिलेले असते. रस्त्याखालच्या विणलेल्या तागाच्या वस्त्राचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७०० ग्रॅमहून अधिक असते, म्हणजे ते घरातल्या साध्या तरटाहून बरेच जाड असते. दोन पट्ट्या जेथे मिळतात तेथे एक पट्टी दुसरीवर किमान ३० सेंटिमीटर चढली पाहिजे. जमीन फार मऊ असेल तर ही चढण ६० सेंटिमीटर ते एक मीटर ठेवतात किंवा पट्ट्या शिवून घेतात.

अंथरलेल्या उघड्या कापडावर ट्रक किंवा रोलर कधीही जाऊ देऊ नये. खडी कडेला ओतून पुढे ढकलीत न्यावी, म्हणजे वाहन नेहमी खडीवरच राहते. पहिला थर साधारण १५ सेंटिमीटर जाड झाल्याखेरीज त्यावर रोलर फिरवू नये, आणि त्यावर वाहनाने जागच्या जागी वळण घेऊ नये. कृत्रिम धागा उन्हाने लवकर कमकुवत होतो आणि ताग पावसाने. म्हणून वस्त्र अंथरल्यावर शक्यतो लगेच, आणि कृत्रिम असले तरी दोन आठवड्यांच्या आत, ते खडीखाली झाकले गेले पाहिजे. महिनाभर उन्हात पडलेल्या गुंडाळ्या कामावर आल्या, तर त्यांविषयी विचारणा करण्याचा आपणास अधिकार आहे.

या साऱ्या गोष्टी पाहण्याचा अवधी एखाद्या दिवसाचाच असतो. डांबर हलके असेल तर ते पुढे दिसून येते. खड्डा बुजविला नाही तर तोही दिसतो. खालचे वस्त्र मात्र एकदा झाकले गेले की रस्ता फुटेपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ते घातलेच नाही, किंवा अंदाजपत्रकात जाड लिहून पातळ घातले, तरी त्या दिवशी रस्ता तितकाच काळाभोर व सुंदर दिसतो. फरक दिसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात, आणि तोवर देयके चुकती झालेली असतात. मग खचलेल्या सडकेवर दुचाकीवरून मुलांना शाळेत पोहोचविणारे आईबाप आणि रुग्णाला घेऊन निघालेली गाडी यांना त्या न दिसलेल्या कापडाची किंमत मोजावी लागते.

महाराष्ट्राच्या अंगणात

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असेही नाही. मुंबईच्या घाटकोपर उपनगरातील ‘बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन’ ही १९५४ साली स्थापन झालेली संस्था भूवस्त्रांच्या चाचणीचे राष्ट्रीय केंद्र म्हणून काम करते. वस्त्राची ताकद, त्यातून पाणी किती वेगाने जाते आणि त्याची छिद्रे किती बारीक आहेत, हे तेथे मोजले जाते. एके काळी गिरणगावच्या धोतर-साड्यांचे गुण पारखण्यासाठी जे शास्त्र उभे राहिले, ते आज रस्त्याच्या पोटातील कापड पारखते आहे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले, त्यातही भूवस्त्रांना स्थान आहे.

त्याच वर्षी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात काथ्याची भूवस्त्रे वापरण्याचे ठरले. नारळाच्या सोडणापासून निघणारा काथ्या तागापेक्षा सावकाश कुजतो, म्हणून तोही या कामास योग्य आहे. सात राज्यांत मिळून १,६७४ किलोमीटर रस्त्यांवर हे वस्त्र घालण्याचे योजिले होते आणि त्यांपैकी ३२८ किलोमीटर महाराष्ट्राच्या वाट्याला आले. बंगालच्या ताग पिकविणाऱ्या शेतकऱ्याला जे, तेच रत्नागिरी-सिंधुदुर्गात सोडण कुजवून काथ्या वळणाऱ्या भगिनींना लाभू शकेल. शेतातील वा बागेतील तंतू गावच्याच रस्त्याखाली जावा आणि त्याचे दाम गावच्याच घरात यावे, याहून समाधानाची गोष्ट ती कोणती?

वाचकहो, आपल्या भागात रस्त्याचे काम निघाले की डांबर पडण्याच्या दिवशी आपण सर्वजण कौतुकाने पाहावयास जातो. यापुढे त्याच्या काही दिवस आधी, जमीन उघडी असताना, एक फेरी मारावी. खाली कापड आहे का, ते फाटलेले तर नाही, एक पट्टी दुसरीवर नीट चढली आहे का, आणि शेजारचे गटार वाहते आहे का, एवढे पाहावे. जे खटकेल ते कामावरील अभियंत्यास नम्रपणे विचारावे. बेहालाच्या गाळात असो वा बीडच्या रेगडीत, रस्त्याचे पुढील पावसाळे त्या दिवशी, डांबर पडण्यापूर्वीच ठरत असतात.